घरात आधी काय येतं?

2011 च्या जनगणनेत उस्मानाबाद जिल्ह्याची, म्हणजे आजच्या धाराशिवची लोकसंख्या 16 लाख 57 हजार भरली. त्या जनगणनेच्या घरयादीत प्रगणकांनी दारोदार जाऊन घरातल्या वस्तू विचारल्या: रेडिओ आहे का, टीव्ही आहे का, संगणक, फोन, सायकल, मोटारसायकल किंवा स्कूटर, चारचाकी. देशभरातल्या उत्तरांतून दहा वर्षांतला मोठा पालट दिसला. 2001 मध्ये 9 टक्के घरांत फोन होता, 2011 मध्ये तो 63 टक्के घरांत होता. टीव्ही 32 वरून 47 टक्क्यांवर गेला, दुचाकी 12 वरून 21 टक्क्यांवर. रेडिओ 35 वरून 20 टक्क्यांवर उतरला. यादीतलं काहीच नसलेली घरं साडेचौतीस टक्क्यांवरून 18 टक्क्यांच्या खाली आली. हे आकडे समृद्धीचं मोजमाप म्हणून पुष्कळदा वापरले गेले, आणि त्यात चूक काही नाही. पण ती यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. ऐकायच्या, पाहायच्या, बोलायच्या आणि बाहेर जायच्या वस्तू तीत आहेत. चुलीजवळ, मोरीजवळ किंवा धुण्याच्या दगडाजवळ ठेवायची एकही वस्तू नाही. फ्रिज नाही, मिक्सर नाही, पिठाची गिरणी नाही, वॉशिंग मशीन नाही. 2027 च्या जनगणनेसाठीच्या यादीत इंटरनेट आणि स्मार्टफोन आले, घरात मुख्यतः कोणतं धान्य खाल्लं जातं हाही प्रश्न आला. ते धान्य दळायचं कशावर, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

ही एका प्रश्नावलीतली अनवधानाची गोष्ट असती तर तिच्यावर इतकं बोलायचं कारण नव्हतं. नीती आयोग देशातली बहुआयामी गरिबी मोजतो, त्यात घरातल्या वस्तूंचा एक निकष आहे. रेडिओ, टीव्ही, फोन, संगणक, बैलगाडी, सायकल, मोटारसायकल आणि फ्रिज यांपैकी दोन वस्तू असल्या, की ते घर या निकषावर वंचित राहत नाही. मोटारसायकल आणि मोबाइल असलेलं घर इथं उत्तीर्ण होतं, मग त्या घरातली बाई दोन घागरी डोक्यावर घेऊन हापशावरून येत असो वा नसो. (पाण्याचा निकष वेगळा आहे, पण वस्तूंच्या निकषात तिच्या कष्टाला जागा नाही.) 2018 मध्ये केंद्रानं धाराशिवला आकांक्षित जिल्ह्यांत घातलं. महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव असे चारच जिल्हे त्यात आहेत. या जिल्ह्यांची प्रगती 49 निर्देशकांवर मोजली जाते. वीजजोडणी, पक्की घरं, शौचालयं, पिण्याचं पाणी, ग्रामपंचायतीत इंटरनेट हे सगळं त्यात आहे. त्या विजेवर घरात काय चालतं आणि त्या पाण्यानं कोणाचे कष्ट कमी झाले, हे नाही.

या लेखात मांडायचं आहे ते एवढंच: धाराशिवसारख्या जिल्ह्यात घरात कोणती वस्तू आधी येते आणि कोणती मागं राहते, हा क्रम घरातल्या पैशानं जितका ठरतो, त्याहून जास्त तो गावातल्या पाण्यानं, विजेनं आणि घरात कोणाच्या वेळेला किंमत आहे यानं ठरतो. म्हणून वस्तूंची नुसती बेरीज विकासाचं माप म्हणून पुरत नाही. क्रम पाहायला हवा.

देशपातळीवर हा क्रम स्पष्ट आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे 93 टक्के घरांत मोबाइल होता, निम्म्या घरांत दुचाकी होती, सुमारे 38 टक्के घरांत फ्रिज होता आणि जेमतेम 18 टक्के घरांत वॉशिंग मशीन. मोबाइल तर त्यानंतरही धावतच राहिला. 2025 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या 85.5 टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन सापडला. कोविडच्या काळात शाळा फोनवर आली, तेव्हा हा वेग वाढला. ‘असर’च्या पाहण्यांत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, ते 2020 मध्ये 61.8 टक्के झालं. गरज पडली आणि ती सगळ्या घराला पटली, की मजुरीवर जगणारं घरही दोन वर्षांत दहा हजारांची वस्तू आणतं, हे यातून दिसतं. मग प्रश्न असा उरतो, की कोणती गरज सगळ्या घराला पटते.

किमतीकडे पाहू. साधी मोटारसायकल आज पाऊण लाखाच्या पुढं जाते. दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आठ-दहा हजारांत येतं, बरा मिक्सर दोन-तीन हजारांत. पैसा हेच एकमेव कारण असतं, तर मिक्सर आणि मशीन गाडीच्या कितीतरी आधी घरात यायला हवे होते. यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे: गाडी ही चैन नाही. भूम, परंडा, वाशी या तालुक्यांत गाव आणि बाजार यांच्यात अंतर आहे, एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते, दूध सकाळी संकलन केंद्रावर पोचवायचं असतं, रात्री कोणाला साप चावला तर दवाखान्यात न्यायला दुसरं साधन नसतं. गाडीनं कमाई होते, जीव वाचतो. हे सगळं खरं आहे आणि या जिल्ह्यात गाडी घेणाऱ्याला कोणी उधळ्या म्हणू नये. पण हाच युक्तिवाद पुढं न्यावा लागतो. गाडी ही सार्वजनिक वाहतुकीच्या उणिवेची भरपाई आहे आणि ती भरपाई घरानं स्वतःच्या खिशातून केली, कारण ती उणीव घरातल्या कमावत्या पुरुषाला रोज जाणवत होती. पाण्याची आणि धुण्याची उणीवही रोजचीच होती. ती जाणवत होती दुसऱ्या माणसाला, जिच्या वेळेचा हिशेब कोणी मांडत नव्हतं.

करांच्या धोरणातही हा कल उतरलेला आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मिक्सर यांवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तो तिथंच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकी, मोठे टीव्ही आणि एसी 28 वरून 18 वर आले. म्हणजे आता एसी आणि मिक्सर एकाच पायरीवर उभे आहेत. ज्या यंत्रानं बाईच्या दिवसातला एक तास मोकळा होतो, त्याला शिलाई यंत्रासारखं 5 टक्क्यांत बसवावं, असं कोणाला सुचलं नाही.

तरीही सगळा दोष घरातल्या पुरुषावर किंवा दिल्लीतल्या कररचनेवर टाकणं सोपं होईल. धाराशिवात वॉशिंग मशीन न येण्याचं पहिलं कारण पाणी आहे. जिल्हा बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत. मांजरा, तेरणा, सीना या नद्या नकाशावर दिसतात, पण उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांतून चालत जाता येतं. 2012-13, 2015-16, 2018-19 अशी दुष्काळाची वर्षं इथं एकामागून एक आली. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे देशानं पाहिलं. धाराशिव शहरासाठी उजनीहून जलवाहिनी टाकावी लागली. दुष्काळात टँकरनं पाणी द्यायचं सरकारी प्रमाण माणशी दिवसाला 20 लिटर आहे. पाच माणसांच्या घराला शंभर लिटर. पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीनला एका धुण्याला साधारण तेवढंच पाणी लागतं. एक धुणं काढलं की त्या दिवशी प्यायला, रांधायला आणि गुरांना काही उरत नाही. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी 55 लिटर आहे. ते रोज मिळालं तर मशीनचा विचार करता येतो. राज्यातल्या जवळपास नऊदशांश ग्रामीण घरांना नळजोडणी झाल्याची नोंद आहे, पण नळ बसणं आणि नळाला ठरल्या दिवशी पाणी येणं यांत फरक आहे. तो फरक या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरासमोर ठेवलेल्या बॅरलांच्या आणि टाक्यांच्या रांगेत मोजता येतो. बॅरल, सिंटेक्सची टाकी, मोटार आणि पाइप ही पाण्याच्या अनिश्चिततेतून घरात आलेली यंत्रसामग्रीच आहे. तिच्यावर झालेला खर्च कोणत्याही पाहणीत समृद्धी म्हणून धरला जाईल, पण तो खरं तर नळयोजनेच्या अपयशाचा दंड आहे.

म्हणूनच ज्या घरांत मशीन येतं, तिथं बहुधा सेमी-ऑटोमॅटिक येतं. त्याला नळाचा दाब लागत नाही, बादलीनं पाणी भरता येतं, एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग शेतातले कपडे काढता येतात आणि खळबळून उरलेलं पाणी अंगण सारवायला नेता येतं. शहरातल्या माणसाला हे जुनाट यंत्र वाटतं. दुष्काळी भागात ते सर्वांत शहाणपणाचं आहे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची गोष्ट मात्र उलटी. कूपनलिकांचं पाणी जड आणि मचूळ म्हणून घरोघर आरओची मागणी वाढली. घरगुती आरओ एक लिटर प्यायचं पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. जिथं घागरीसाठी रांग लागते, तिथं हे परवडणारं नाही. गावात एकच मोठं यंत्र बसवून वीस लिटरचा जार थोड्या पैशांत देणं हा अनेक गावांनी काढलेला मार्ग अधिक सुज्ञ आहे. सामायिक यंत्राचा हा धागा महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढं पुन्हा यावं लागेल.

विजेचंही असंच. 2005 नंतरची सात-आठ वर्षं ग्रामीण महाराष्ट्रानं भारनियमनात काढली. दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसेल, तर फ्रिज हे महागडं कपाट ठरतं. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, तेव्हा गावातल्या घरांना बऱ्यापैकी सलग वीज मिळू लागली आणि फ्रिज-कूलरचा खरा प्रसार त्यानंतरचा आहे. मुद्दा असा, की फ्रिज विकला तो दुकानदारानं, पण त्याची बाजारपेठ तयार केली ती फीडर वेगळे करण्याच्या सरकारी कामानं. ते काम अजून अपुरं आहे. डीपी जळाला की तो बदलेपर्यंत अंधार. दाब कमी-जास्त झाला की कॉम्प्रेसर जातो, म्हणून फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर आलाच. आणि बिल. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर युनिटांच्या पुढचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या आसपास राहत आला आहे. दिवे, पंखे, टीव्ही यांत ऐंशी युनिट जाळणाऱ्या घरात फ्रिज आणि उन्हाळ्यात कूलर आला की ते घर शंभरी ओलांडतं आणि वरचं प्रत्येक युनिट महाग पडतं. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, ते चालवायचं दर महिन्याला. ग्रामीण घर खरेदीच्या किमतीला इतकं घाबरत नाही, जितकं या न संपणाऱ्या हप्त्याला.

घराच्या बांधणीचाही या क्रमावर परिणाम आहे आणि धाराशिवात त्याला एक वेगळा इतिहास आहे. इथली जुनी घरं माळवदाची: रुंद दगडी भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. बाहेर बेचाळीस अंश असताना आत निवायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि त्याच भिंती माणसांच्या अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. लोहारा-उमरगा पट्ट्यातल्या सास्तूरसारख्या गावांनी हा घाव सोसला. पुनर्वसनात जमिनीच्या धारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. मातीच्या छताची धास्ती बसली आणि सिमेंट व पत्र्याची घरं जिल्हाभर पसरली. ती भूकंपात सुरक्षित, पण एप्रिल-मेमध्ये तापणारी. माळवदाला पंख्याचीही गरज नव्हती, पत्र्याला कूलर लागतो, आणि कूलरला पाणी लागतं, तेही नेमकं पाणी नसलेल्या महिन्यांत. अडीचशे चौरस फुटांच्या घरात फ्रिज ठेवायचा तर तो पुढच्या खोलीत, पाहुण्याच्या नजरेसमोर येतो. लोक त्याला दिखाऊपणा म्हणतात. नकाशा पाहिला तर स्वयंपाकघरात त्याला जागाच ठेवलेली नाही. घरकुलाच्या आजच्या योजनांतही ओट्याजवळ प्लग, मोरीजवळ नळ आणि सांडपाण्याला वाट यांचा आग्रह धरला, तर पुढं येणाऱ्या यंत्राची निम्मी तयारी तिथंच होईल.

जिल्ह्यातली काही घरं मात्र या सगळ्या चर्चेच्या बाहेर राहतात. वाशी, भूम, कळंब, परंडा या पट्ट्यातून हजारो जोडपी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने घराला कुलूप. फडाजवळच्या पालात वीज नाही, नळ नाही. अशा कुटुंबाला कोणती वस्तू उपयोगी? खिशात मावणारी, नाहीतर सोबत नेता येणारी. म्हणून मोबाइल येतो, गाडी येते, आणि फ्रिज परवडला तरी घेतला जात नाही. मुकादमाकडून उचललेली रक्कम लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात जाते. या घरांच्या वस्तूंच्या यादीत वॉशिंग मशीन नाही, यावरून त्यांची आवडनिवड ठरवणं अन्यायाचं आहे. पहाटे तीनला उठून पालासमोर भाकरी थापून दिवसभर मोळ्या वाहणारी बाई ही या राज्यात यंत्राची सर्वांत जास्त गरज असलेली बाई आहे, आणि कोणतंही यंत्र तिच्यापर्यंत पोचू शकत नाही.

घरात जे येतं ते कोणाच्या पैशानं येतं, हेही विचारायला हवं. फ्रिज, कूलर, कपाट, वॉशिंग मशीन या वस्तू मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत लग्नाच्या वेळी, मुलीच्या बापाकडून येतात. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे. रोख रकमेवर बोलायला लोक कचरतात, पण ‘संसारोपयोगी साहित्य’ म्हणून टेम्पो भरून जातो आणि मांडवात सगळ्यांना दाखवला जातो. पाहणीत मुलाच्या घरी एक फ्रिज वाढतो. मुलीच्या माहेरी त्यापायी झालेलं कर्ज कोणत्याच रकान्यात येत नाही. हे आंदण मुलीच्या सुखासाठी असतं, असं समर्थन केलं जातं. मुलीच्या सुखाचाच विचार असेल, तर मुलगा ज्या घरात आयुष्यभर राहिला, त्या घरानं आईच्या हातातलं धुणं हलकं करायला तेच यंत्र सुनेची वाट न पाहता आधी का आणलं नाही, या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

उरलेली खरेदी हप्त्यांवर आणि हंगामावर चालते. सोयाबीन हे आता जिल्ह्याचं नगदी पीक. ते दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतं आणि दुकानांतली गर्दी त्याच्या भावावर ठरते. 2024-25 साठी हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात पुष्कळ शेतकऱ्यांना त्याहून कितीतरी कमी मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. मिक्सरचा किंवा मशीनचा हप्ता साधारण याच रकमेत बसतो. बाईच्या नावावर दर महिन्याला ठरलेली रक्कम आली, तर घरातल्या खरेदीचा क्रम बदलू शकतो. मात्र त्यासाठी ती रक्कम तिच्या हातात राहायला हवी. फोनच्या बाबतीत काय झालं ते समोर आहे. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे 55 टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. घरात फोन आहे, पण तो तिचा नाही, ही अवस्था जवळजवळ निम्म्या बायकांची.

इथं सामायिक यंत्राकडे वळावं लागतं. ग्रामीण बाईचे सर्वांत जास्त कष्ट ज्या एका यंत्रानं वाचवले, ते तिच्या मालकीचं कधीच नव्हतं. ते म्हणजे गावातली पिठाची गिरणी. आधी तेलाच्या इंजिनावर, मग विजेवर. पहाटे उठून जात्यावर तासन्‌तास ज्वारी दळायचं काम तिनं एका पिढीत संपवलं. मालमत्तेच्या कोणत्याही यादीत गिरणी नाही, कारण ती कोणाच्या घरात नाही. पण तिनं वाचवलेला वेळ आजवरच्या सगळ्या घरगुती यंत्रांनी मिळून वाचवलेल्या वेळेच्या तोडीचा असेल, असं मला वाटतं. आज जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांतून घरघंटी, मिरची कांडप यंत्र, शिलाई यंत्र दिलं जातं. ज्या बाईला कांडप यंत्र मिळतं, ती गल्लीतल्या पंचवीस घरांचा येसूर आणि तिखट करून देते. तिला चार पैसे मिळतात, बाकीच्यांचे हात भाजायचे वाचतात. ही योजना लहान आहे, तिच्यात वशिल्याच्या तक्रारी होतात, पण तिची दिशा बरोबर आहे.

धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात याहून मोठा प्रयोगही झाला. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना उभं करणाऱ्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं पुढं याच बायकांना घरगुती ऊर्जासाधनांच्या विक्रेत्या केलं. 2006 च्या सुमारास ‘ब्रिटिश पेट्रोलियम’नं काढलेली ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची शेगडी त्यांनी घरोघर पोचवली. ती शेगडी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर बेतलेली होती आणि शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्यांवर चालायची. विकणारी बाई, घेणारी बाई, त्यामुळे ती झपाट्यानं खपली. पुढं गोळ्यांचा भाव चढला आणि शेगड्या अडगळीत गेल्या. 2016 नंतर उज्ज्वला योजनेत गॅस आला, तेव्हा हाच धडा पुन्हा मिळाला: सिलिंडर महागला की चूल पुन्हा पेटते. यंत्र घरात पोचवणं सोपं आहे. ते चालतं ठेवणाऱ्या इंधनाची, पाण्याची, विजेची आणि दुरुस्तीची सोय लावणं अवघड आहे. परंड्याच्या खेड्यातलं बिघडलेलं मशीन बार्शीला न्यावं लागत असेल, तर गाडीभाड्यातच दुरुस्तीची रक्कम जाते आणि दुरुस्त होण्याजोगं यंत्र कोपऱ्यात पडतं.

सर्वांत गंभीर आक्षेप अभ्यासकांकडून येतो. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवान यांनी 1983 मध्ये दाखवून दिलं, की यंत्रं आली तरी अमेरिकी गृहिणीचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत. कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि पूर्वी नवरा-मुलं जी कामं करत ती यंत्रांमुळं एकट्या बाईवर आली. आपल्याकडचे आकडेही याच दिशेचे आहेत. राष्ट्रीय वेळवापर पाहणीत 2019 मध्ये घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवत होती, पुरुष 97. 2024 मध्ये हे आकडे 289 आणि 88 झाले. गॅस, मिक्सर, नळ यांचा एवढा प्रसार होऊन पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ. तेव्हा यंत्रानं कष्ट संपतात, हे भाबडं मत टिकत नाही, हे मान्य करायला हवं. पण यातून यंत्राची गरज नाही असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेतल्या त्या घरांत नळ आणि वीज आधीच पोचली होती. नदीवर धुणं नेणाऱ्या, टँकरमागं धावणाऱ्या, शेतात मजुरी करून आल्यावर पुन्हा चुलीपाशी बसणाऱ्या बाईची तुलना त्यांच्याशी होत नाही. तिच्याकडे वाढवायला तास नाहीत. शिवाय मिनिटांत श्रमाचं ओझं मोजलं जात नाही. पंधरा किलो ओलं धुणं पिळणं आणि बटण फिरवून शेजारी भाजी निवडत बसणं या दोन्हींना पाहणीत सारखीच मिनिटं पडतील. कंबर आणि मनगटं त्यांतला फरक सांगतात.

आणि सरकारनं वस्तू वाटाव्यात का? तमिळनाडूनं दोन्ही वाटा चालून पाहिल्या. 2006 नंतर तिथं घरोघर रंगीत टीव्ही दिले गेले, 2011 पासून मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा. दोन्हींवर फुकटेपणाची टीका झाली. माझ्या मते दोन्हींना एका तागडीत तोलू नये. मिक्सर-ग्राइंडरनं रोज हातानं वाटण्या-कुटण्याचं काम हलकं केलं, टीव्हीनं तसं काही केलं नाही. तरीही धाराशिवसाठी माझं मत वाटपाच्या बाजूनं नाही. पाण्याशिवाय वाटलेलं मशीन अडगळीत जाईल. इथं पैसा आधी नळाला रोज पाणी यावं यासाठी, गावठाणाचा डीपी दोन दिवसांत बदलला जावा यासाठी आणि गटाच्या मालकीच्या सामायिक यंत्रांसाठी खर्च व्हावा. बचत गटानं चालवलेलं धुलाई केंद्र, जिथं पाणी गाळून पुन्हा वापरता येईल, हे या जिल्ह्यात अशक्य नाही. भूम भागात खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथं सौर विजेवरचा सामायिक शीतकक्ष आला, तर दूध नासण्याची भीती घरोघरच्या फ्रिजपेक्षा चांगली दूर होईल.

सप्टेंबर 2025 मध्ये दुष्काळाच्या या जिल्ह्यात उलटं घडलं. परंडा, भूम, वाशी, कळंब तालुक्यांत अतिवृष्टी झाली, सीनेसह नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या, माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत घरातल्या नुकसानीसाठी कुटुंबाला कपड्यांचे 2,500 आणि भांडी-घरगुती सामानाचे 2,500 रुपये आहेत. राज्य सरकार त्यात वेळोवेळी भर घालतं, पण रकाने तेच राहतात: कपडे आणि भांडी. चिखलात बुडालेली घरघंटी आणि शिलाई यंत्र, ज्यांवर एखादीचं घर चालत होतं, त्यांना त्या कागदावर वेगळी जागा नाही. जनावर दगावलं तर त्याची नोंद होते, दुकान बुडालं तर मदतीची चर्चा होते. बाईचं यंत्र मात्र भांड्यांत धरलं जातं.

हे रकाने वरून बदलायला वेळ लागेल. गावात मात्र ते आजही भरता येतात. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असा नियम आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात ही सभा खरोखर भरवावी आणि तीत चार प्रश्न लिहून घ्यावेत: नळाला पाणी किती दिवसांनी येतं, धुण्याला रोज किती वेळ जातो, घरातलं कोणतं यंत्र बंद पडून आहे आणि कशामुळं, आणि गावानं मिळून एकच यंत्र घ्यायचं ठरलं तर ते कोणतं असावं. ही उत्तरं ग्रामपंचायतीच्या आराखड्याला जोडावीत आणि त्यांची एक प्रत जिल्हा परिषदेला पाठवावी. हा अंक धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या सरपंचांच्या, ग्रामसेवकांच्या आणि बचत गटांतल्या बायकांच्या हातात पडेल, त्यांनी ही सभा घ्यावी, अशी विनंती आहे.